उतरवायची तारीख

दिवाळीचा फराळ ऑनलाइन मागवायला बसलात, तर एक गंमत हमखास पाहायला मिळते. चकलीच्या किमतीच्या बरोबर डोक्यावर केशरी पट्टी असते: 'बाप्पा येताहेत! उकडीच्या मोदकांची नोंदणी आजच करा.' बाप्पा परत जाऊन महिना-दीड महिना उलटलेला असतो. शाळेच्या साइटवर 'प्रवेश सुरू' ही ओळ लाल अक्षरांत सरकत असते. कोणत्या वर्षाचा प्रवेश, हे शाळेच्या कार्यालयालाही सांगता येत नाही. सोसायटीच्या साइटवर वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस झळकत असते आणि ती सभा होऊन तीत झालेली भांडणेसुद्धा मिटलेली असतात. सरकारी साइटवरचे ते लुकलुकणारे 'न्यू' तर आपल्या सगळ्यांच्या ओळखीचे. शेजारच्या परिपत्रकाची तारीख पाहावी, तर त्यावर सही करणारा अधिकारी निवृत्त होऊन गावी गेलेला असतो.

खरे तर ठरलेल्या दिवशी एखादी गोष्ट वेबसाइटवर आपोआप यावी आणि ठरलेल्या दिवशी आपोआप निघून जावी, ही सोय आता बहुतेक साइटवर करून घेता येते. बॅनर, पॉप-अप, सूचनेची पट्टी, 'अर्ज करा'चे बटण, सवलतीची किंमत, अगदी पानावरचा एखादा परिच्छेदसुद्धा तारखेला बांधता येतो. साइट सांभाळणारे याला 'शेड्यूल लावणे' म्हणतात. काम दोन मिनिटांचे. मग भाद्रपदातले मोदक आश्विन संपत आला तरी कसे उरतात?

उरतात, कारण यायच्या तारखेला वाली असतो. दुकानदाराला विक्री हवी असते, मुख्याध्यापकांना तुकड्या भरायच्या असतात, बॅनर वेळेवर दिसले नाही तर सकाळी नऊच्या आत फोन खणखणतो. जायच्या तारखेला मात्र कोणी वाली नसतो. जुनी सूचना राहिली म्हणून लगेच कोणाचे काही बिघडत नाही, आणि बिघडते ते दुसऱ्याचेच. चौकातल्या फ्लेक्सचे हेच होते. परवानगीच्या कागदावर मुदत लिहिलेली असते, फ्लेक्स चढवायला मध्यरात्री शिडी घेऊन चार पोरे हजर असतात, पण उतरवायला शेवटी पावसालाच यावे लागते. वेबसाइटवर तर पाऊसही पडत नाही.

हा कल साधने घडवणाऱ्यांच्या हातातही उतरला आहे. जगातल्या ४० टक्क्यांहून अधिक वेबसाइट ज्या वर्डप्रेसवर चालतात, त्याच्या मूळ साच्यात लेख पुढच्या तारखेला प्रसिद्ध करायची सोय आहे. हाच लेख अमुक तारखेला काढून घे, असे सांगायला मात्र जागाच नाही. त्यासाठी वेगळे प्लगइन बसवावे लागते. ऑनलाइन दुकानांसाठी लोकप्रिय असलेल्या शॉपिफायमध्ये सवलतीला सुरुवातीची तारीख असतेच असते, शेवटची हवी असेल तर एक जादा खूण करावी लागते. जूमलासारख्या प्रणालीत सुरुवात आणि समाप्ती अशा दोन्ही तारखा शेजारी शेजारी दिलेल्या असतात. ऑनलाइन दुकानांच्याच वूकॉमर्स या साधनातही सवलतीच्या किमतीला 'पासून' आणि 'पर्यंत' अशा दोन चौकटी आहेत. पण दुसरी चौकट कोरी ठेवली म्हणून काही अडत नाही, आणि जे कोरे ठेवल्याने अडत नाही ते आपल्याकडे कोरेच राहते.

कोथरूडमध्ये घरून काम करणाऱ्या एक ताई लहान दुकाने, क्लास आणि काही शाळा यांच्या साइट सांभाळतात. त्यांच्या स्क्रीनवर एका मिठाईवाल्यांच्या साइटचे अ‍ॅडमिन पॅनेल उघडे होते. बॅनरचे नाव, चित्र, लिंक आणि खाली त्या दोन चौकटी. 'पासून'मध्ये तारीख, तास, मिनिट, सगळे नीट भरलेले. 'पर्यंत' रिकामी.

"मी विचारते ना," ताई म्हणाल्या. "काका, हे कधी काढायचं? तर म्हणतात, राहू दे गं, बघू नंतर. आणि मग दसऱ्याला फोन. अगं, ते मोदक अजून दिसताहेत, लोक पैसे भरताहेत!"

"मग?"

"मग मी काढते. पाच मिनिटांनी परत फोन, अजून दिसतंय. मी म्हणते, काका, कॅशे क्लिअर करा. ते म्हणतात, ते कुठे असतं?"

काकांना हसण्यासारखे यात काही नाही. कॅशे हे या धंद्यातले खरेच अवघड जागेचे दुखणे आहे. आपण एखादे पान उघडतो, ते दर वेळी नव्याने तयार होत नाही. आपला ब्राउझर त्याची एक प्रत स्वतःपाशी ठेवतो, साइटचा सर्व्हर एक तयार प्रत काढून ठेवतो, आणि मोठ्या साइटच्या बाबतीत जगभर पसरलेल्या वाटप केंद्रांमध्ये आणखी प्रती पडून असतात, म्हणजे मुंबईच्या ग्राहकाला पान जवळच्या यंत्रावरून पटकन मिळावे. बॅनर रात्री बाराला उतरवायचे ठरले, मुळात ते उतरलेही, पण या प्रतींना ते कोण सांगणार? ज्या पानावर तारखेने येणारी-जाणारी गोष्ट आहे, त्या पानाच्या प्रतीचे आयुष्य लहान ठेवावे लागते, नाहीतर ठरलेल्या क्षणी सगळ्या प्रती पुसायची वेगळी आज्ञा द्यावी लागते. ती आज्ञा विसरली, की सर्व्हरवर सवलत संपलेली आणि ग्राहकाच्या मोबाइलवर चालू. पैसे भरायच्या पानावर गेल्यावर किंमत वाढते, आणि ग्राहक म्हणतो, फसवले.

वेळ झाली की काम कर, असे यंत्राला सांगायची पद्धत जुनी आहे. बेल लॅब्जमध्ये घडलेल्या युनिक्सच्या १९७९ सालच्या सातव्या आवृत्तीत 'क्रॉन' नावाचा छोटा प्रोग्राम होता. तो पडद्याआड जागा राहतो, घड्याळ पाहतो आणि यादीतले काम वेळेवर करतो. त्याचे वंशज आजही लाखो सर्व्हरवर राबतात. त्याला वेळ सांगायची ती पाच रकान्यांत: मिनिट, तास, महिन्यातला दिवस, महिना आणि वार. एवढेच. वर्षाचा रकाना त्यात नाही. म्हणजे २०२६ च्या लक्ष्मीपूजनासाठी ८ नोव्हेंबरला शुभेच्छा लाव, असे क्रॉनला एकदा सांगून ठेवले आणि ती ओळ पुसायला विसरलो, तर २०२७ मध्येही तो इमानेइतबारे ८ नोव्हेंबरलाच शुभेच्छा देणार. त्या वर्षी लक्ष्मीपूजन २९ ऑक्टोबरला आहे.

वर्डप्रेसचा क्रॉन तर आणखी वेगळा. तो स्वतः जागा राहतच नाही. साइटवर कोणी आले, पान उघडले, की त्या निमित्ताने तो यादी पाहतो: एखादे काम राहिले आहे का? स्वस्त होस्टिंगवरही चालावे म्हणून केलेली ही युक्ती आहे, आणि ती हुशारीचीच आहे. पण लहान गावातल्या वाचनालयाच्या साइटवर रात्री बारा ते सकाळी सात कोण येतो? मध्यरात्री उतरायचे बॅनर पहिला वाचक येईपर्यंत तसेच राहते, आणि तो पहिला वाचक बिचारा कधी कधी जुनेच बॅनर पाहून जातो. यावर उपाय सोपा आहे. वर्डप्रेसची ही सवय बंद करून सर्व्हरच्या खऱ्या क्रॉनला दर पाच मिनिटांनी यादी पाहायला लावायचे. ज्यांना हे माहीत आहे ते करतात, बाकीचे 'शेड्यूल मिस झालं' म्हणून रात्री जागे राहून हाताने बटण दाबतात.

यानंतर येतो घड्याळाचा प्रश्न. सर्व्हर बहुधा यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर चालतात. आपण तिच्यापुढे साडेपाच तास. वर्डप्रेस नव्याने बसवले आणि सेटिंगमध्ये जाऊन वेळेचा विभाग बदलला नाही, तर मध्यरात्री लागायचे बॅनर पहाटे साडेपाचला लागते. नरकचतुर्दशीच्या अभ्यंगस्नानाच्या शुभेच्छांना हे चालून जाईल, मध्यरात्रीच्या सेलला चालणार नाही. पूर्ण तासांचा फरक असता तर घोळ कमी झाला असता. आपल्या अर्ध्या तासामुळे होते असे, की यूटीसीवरचा जो क्रॉन दर तासाच्या ठोक्याला काम करतो, तो भारतात साडेअकराला आणि साडेबाराला जागा होतो, आपली मध्यरात्र नेमकी त्याच्या मधल्या झोपेत येते. हा अर्धा तास आला मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंशांच्या रेखावृत्तामुळे. १९०६ मध्ये ही प्रमाणवेळ लागू झाली, तेव्हा मुंबईकरांनी ती मुळीच गोड मानून घेतली नव्हती. ३९ मिनिटे मागे असलेली आपली 'मुंबई वेळ' त्यांनी पुढे कित्येक दशके धरून ठेवली. सर्व्हरच्या यादीत मात्र आपल्या सगळ्यांसाठी एकच नाव आहे: 'आशिया/कोलकाता'. मुंबई शोधत बसू नका, सापडणार नाही.

अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांचे दुखणे याहून निराळे. तिथे नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पहाटे दोन वाजता घड्याळ एक तास मागे घेतात. त्या रात्री दीड दोनदा वाजतो. मार्चमध्ये उलट, अडीच वाजतच नाहीत. दिवाळीच्या कार्यक्रमाची तिकीट विक्री कोणी नेमकी त्या दीड वाजताच्या वेळेला बांधली, तर काही प्रणालींत ते काम दोनदा होते. २०२६ मध्ये हा रविवार १ नोव्हेंबरचा, म्हणजे लक्ष्मीपूजनाच्या बरोबर एक आठवडा आधीचा. मंडळाची साइट सांभाळणाऱ्याने त्या रात्री काहीही शेड्यूल लावू नये हे उत्तम.

शेड्यूल ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टवर सोपवले, तर घड्याळ पाहणाऱ्याच्या मोबाइलचे धरले जाते. ज्याने मोबाइलची तारीख पुढे केली त्याला उद्याचा सेल आज दिसतो. शिवाय १९९५ मध्ये जन्मलेल्या या भाषेने महिने शून्यापासून मोजायची खोड घेतली आहे: जानेवारी ०, नोव्हेंबर १०. तारीख आडव्या रेषांनी जोडून लिहिली तर ती यूटीसी मानते, तिरप्या रेषांनी लिहिली तर सहसा पाहणाऱ्याची स्थानिक वेळ. या दोन रेषांतल्या फरकापुढे हात टेकलेली नवशिकी मुले कोणत्याही आयटी पार्कच्या चहाच्या टपरीवर भेटतील.

पण हे सगळे यंत्राचे दोष झाले, आणि यंत्राचे दोष दुरुस्त होतात. आपली खरी अडचण पंचांगाची आहे. ख्रिसमसचे बॅनर एकदा लावून ठेवले की दर वर्षी २५ डिसेंबरला येते. आपले सण तसे वागत नाहीत. चांद्रवर्ष सौरवर्षाहून सुमारे अकरा दिवसांनी लहान, म्हणून सण दर वर्षी अलीकडे सरकतात आणि अधिक महिना आला की एकदम पुढे उडी मारतात. २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक आला. त्यामुळे २०२५ मध्ये २७ ऑगस्टला असलेली गणेश चतुर्थी २०२६ मध्ये १४ सप्टेंबरला आली, आणि २१ ऑक्टोबरचे लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरवर गेले. परदेशी बनावटीच्या प्लगइनमध्ये 'दर वर्षी पुन्हा' अशी खूण करायची सोय असते. आपल्या सणांना ती खूण करणे म्हणजे फजितीला आमंत्रण.

बरे, पंचांग पाहून तारीख टाकली तरी देशभर एकमत असेलच असे नाही. २०२५ मध्ये अमावास्या २० ऑक्टोबरला दुपारी लागली आणि २१ ला संध्याकाळी संपली. उत्तरेत बऱ्याच ठिकाणी दिवाळी २० लाच झाली. महाराष्ट्रात लक्ष्मीपूजन २१ ला. शेअर बाजाराचे मुहूर्ताचे सौदेही २१ ला झाले, तेही नेहमीच्या संध्याकाळऐवजी दुपारी पावणेदोन ते पावणेतीन. २०२४ मध्येही ३१ ऑक्टोबर की १ नोव्हेंबर हा वाद झालाच होता. अशा वर्षी दिल्लीच्या कार्यालयातून लावलेले 'आज दिवाळी' पुण्यातल्या ग्राहकाला एक दिवस आधी दिसते आणि ऐन लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी गायब झालेले असते. त्यावर दोनच मार्ग आहेत: पाहणाऱ्याच्या राज्याप्रमाणे वेगळी तारीख, किंवा 'शुभ दीपावली' असे मोघम लिहून वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत सलग ठेवणे. शहाणे लोक दुसरा धरतात.

सुट्टीच्या पट्टीचे तर विचारूच नका. २०२५ मध्ये अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला होती आणि ईद-ए-मिलादची सुट्टी ५ ला जाहीर होती. विसर्जनाची गर्दी आणि जुलूस एकत्र येऊ नयेत म्हणून राज्य सरकारने मुंबई शहर आणि उपनगरांसाठी ती सुट्टी ८ सप्टेंबरवर नेली. आदल्या वर्षीही १६ ची सुट्टी अशीच १८ ला गेली होती. बाकी महाराष्ट्रात एक तारीख, मुंबईत दुसरी. ज्यांनी वर्षभराच्या सुट्ट्यांच्या पट्ट्या जानेवारीत एकदम लावून ठेवल्या, त्यांच्या शेड्यूलने चोख काम केले आणि चुकीच्या दिवशी 'आज कार्यालय बंद' सांगितले.

आता एवढ्यावरून आपल्याला वेळ पाळणे जमतच नाही, असे कोणी म्हणू नये. दहावी-बारावीचा निकाल परीक्षा मंडळाने दुपारी १ वाजता म्हटले की १ ला निकालाची लिंक येते, आणि पावणेएकपासून घराघरांत पान पुन्हा पुन्हा उघडले जात असते. कोकणात गणपतीला जायचे, तर रेल्वेचे आरक्षण सकाळी ८ ला उघडते. १ नोव्हेंबर २०२४ पासून ही मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आली, तरी चाकरमान्यांना ती सकाळ तोंडपाठ असते. २०२४ च्या लोकसभेच्या मतदानोत्तर चाचण्यांवर १ जूनच्या संध्याकाळी साडेसहापर्यंत बंदी होती. साडेसहा वाजले आणि सगळ्या वृत्तसाइटवर आकडे एकदम उगवले. २२ सप्टेंबर २०२५ ला, घटस्थापनेच्या दिवशी, जीएसटीचे नवे दर लागू झाले. निर्णय ३ सप्टेंबरचा. मधल्या अडीच आठवड्यांत खरेदीदार हात आखडून बसले होते, आणि ऑनलाइन दुकानांना असंख्य वस्तूंच्या किमती एका मध्यरात्रीच्या ठोक्याला बदलायच्या होत्या. बदलल्या. लाखो डोळे लागलेले असतात तिथे शेड्यूल सहसा चुकत नाही.

डोळे नसतात तिथले काय, याचा विचार सरकारी पातळीवर कागदावर तरी झालेला आहे. भारत सरकारच्या वेबसाइटसाठीची मार्गदर्शक तत्त्वे २००९ मध्ये आली, त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये. निविदा, भरती, सूचना यांची मुदत संपली की त्या मुख्य पानावरून काढाव्यात किंवा संग्रहात हलवाव्यात, असे त्यांत अपेक्षित आहे. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने, म्हणजे एनआयसीने, जिल्ह्यांच्या साइटसाठी जो साचा तयार केला, त्यात प्रत्येक सूचनेसमोर सुरुवातीची आणि शेवटची तारीख असे दोन रकाने असतात. या गोष्टीची दखल घ्यायला हवी. शेवटची तारीख निव्वळ व्यवस्थापकाच्या पडद्यावर न ठेवता नागरिकालाही दाखवली, तर सूचना शिळी आहे की ताजी, हे ज्याचे त्याला कळते. आपल्या खासगी साइटवाल्यांना हे अजून सुचलेले नाही.

निवडणुकीची आचारसंहिता ही तर लपवण्याची मोठी परीक्षा. घोषणा होताच सरकारी साइटवरून मंत्र्यांची, राजकीय पदाधिकाऱ्यांची छायाचित्रे आणि उल्लेख काढायचे असतात. घोषणेची तारीख आधी कोणालाच ठाऊक नसते, त्यामुळे शेड्यूल लावता येत नाही. १५ ऑक्टोबर २०२४ ला विधानसभा निवडणुकीची घोषणा झाली आणि त्याच क्षणी आचारसंहिता लागली. इथे तारखेपेक्षा एक कळ उपयोगी पडते: दाबली की मुख्य पानावरची छायाचित्रे, 'माननीयांचा संदेश', योजनांच्या जाहिराती एकदम झाकल्या जाव्यात. ज्यांनी ही कळ आधीच करून ठेवलेली नसते, ते एकेक पान उघडून फोटो उडवतात आणि निवडणूक संपल्यावर कोणता फोटो कुठे होता ते आठवत बसतात. तारखाही शेवटपर्यंत स्थिर राहतील याची खात्री नाही. नगरपरिषदा आणि नगरपंचायतींसाठी २ डिसेंबर २०२५ ला मतदान झाले, आणि दुसऱ्या दिवशीची मतमोजणी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाच्या आदेशाने २१ डिसेंबरवर गेली. मतदान चालू असताना आलेला आदेश. 'उद्या निकाल' अशी पाने तयार ठेवलेल्या वृत्तसाइटवाल्यांची त्या दिवशी काय धांदल उडाली असेल, याची कल्पना करता येते.

लपवणे म्हणजे नक्की काय, हा मुद्दा मात्र बहुतेकांच्या लक्षात येत नाही. पानावरची गोष्ट दोन प्रकारांनी झाकता येते. एक, ती सर्व्हरवरून पाठवायचीच नाही. दोन, पाठवायची, पण ब्राउझरला सांगायचे की ही दाखवू नकोस. दुसरा प्रकार सोपा, म्हणून तोच जास्त चालतो. पण त्यात मजकूर पाहणाऱ्याच्या यंत्रापर्यंत पोचलेला असतो. पानावर उजवे बटण दाबून मूळ कोड पाहिला, की उद्याच्या सेलची किंमत, पुढच्या आठवड्यातली घोषणा, सगळे उघडे. आणि मजकुराला जोडलेली फाइल तर याहून वाईट. पानावरची लिंक झाकली तरी फाइलचा पत्ता चालूच असतो.

याची किंमत ब्रिटनमध्ये एका माणसाने पद देऊन मोजली. तिथे २०१० मध्ये स्थापन झालेली 'ऑफिस फॉर बजेट रिस्पॉन्सिबिलिटी' ही स्वतंत्र संस्था अर्थसंकल्पासोबत आपला अंदाज अहवाल काढते. अर्थमंत्र्यांचे भाषण संपेपर्यंत तो कोणी पाहायचा नाही, हा नियम. २६ नोव्हेंबर २०२५ ला अर्थमंत्री रेचल रीव्ह्ज दुपारी साडेबाराच्या सुमारास संसदेत उभ्या राहणार होत्या. अहवालाची फाइल संस्थेने साइटवर आधीच चढवून ठेवली. साइट वर्डप्रेसवर चालणारी. लिंक कोणत्याही पानावर दिलेली नव्हती, तेव्हा कोणाला दिसणार नाही, अशी समजूत. पण मार्चच्या अहवालाचा पत्ता सगळ्यांना माहीत होता. त्यातल्या महिन्याच्या जागी नोव्हेंबर लिहिले, की नवी फाइल! चौकशीत निघाले की त्या पत्त्यावर पहाटेपासून टकटक चालू होती. फाइल चढल्यावर ११ वाजून ३५ मिनिटांनी दार उघडले. थोड्याच वेळात रॉयटर्स या वृत्तसंस्थेवर अर्थसंकल्पातल्या बातम्या झळकू लागल्या, रोखेबाजार हलला, आणि अर्थमंत्र्यांना भाषणाच्या सुरुवातीलाच त्यावर बोलावे लागले.

कोणी हॅकर घुसला नव्हता. डाउनलोड हाताळणारे प्लगइन ज्या पद्धतीने पत्ता तयार करत होते, त्याने वर्डप्रेसचा पहारा चुकत होता, आणि थेट पत्त्याने येणाऱ्याला अडवायचे काम सर्व्हरला सांगितलेले नव्हते. मार्चमधला अहवालही असाच वेळेआधी कोणीतरी उघडला होता, हेही तेव्हाच कळले. संस्थेच्या १५ वर्षांतली ही सर्वांत वाईट चूक, असे चौकशी अहवालानेच म्हटले. १ डिसेंबरला अहवाल आला आणि त्याच दिवशी संस्थेचे अध्यक्ष रिचर्ड ह्यूज यांनी राजीनामा दिला.

आपल्याकडे १९५० मध्ये अर्थसंकल्पाचा काही भाग फुटला, तेव्हा छपाई राष्ट्रपती भवनातून मिंटो रोडच्या छापखान्यात गेली, आणि १९८० मध्ये नॉर्थ ब्लॉकच्या तळघरात. छपाईच्या सुरुवातीचा हलवा समारंभ झाला की कर्मचारी भाषण होईपर्यंत आतच राहतात, घरी फोनही नाही. कागदाच्या काळातला हा बंदोबस्त आजकाल थोडा हास्यास्पद वाटतो. पण गुपित राखायचे तर ते बाहेर आणूच नये, एवढी त्यातली अक्कल पक्की आहे. सर्व्हरवर आणून झाकून ठेवलेली फाइल म्हणजे बाहेर आणलेलीच फाइल. वेळ झाली की चढवा, आधी नाही.

तारखेचा उलटा वापरही होतो. खरी तारीख झाकण्यासाठी खोटी तारीख दाखवायची. 'ऑफर संपायला ०९:५९ मिनिटे', असे घड्याळ उलटे धावत असते. पान पुन्हा उघडा, पुन्हा ०९:५९. त्या घड्याळाला कुठलीच तारीख बांधलेली नसते, तुम्ही आलात की ते नव्याने सुरू होते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी फसव्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत १३ प्रकार सांगितले आहेत आणि खोटी घाई लावणे हा त्यांतला एक आहे. तपासायला सोपे: दुसऱ्या मोबाइलवर तेच पान उघडायचे. दोन्हीकडचे घड्याळ जुळले नाही, तर खरेदी सावकाश करावी. ऑफर कुठेही जात नाही.

'पर्यंत'ची चौकट कोरी ठेवली की यंत्र आत काय लिहिते, हेही सांगण्यासारखे आहे. काही प्रणाली खरोखर रिकामी जागा ठेवतात. काही ठिकाणी 'कधीच नाही' याच्याऐवजी पुष्कळ लांबची तारीख टाकलेली असते. ३१ डिसेंबर ९९९९ ही त्यांतली आवडती. मायएसक्यूएल या डेटाबेसच्या एका प्रकारच्या रकान्यात १९ जानेवारी २०३८ च्या पलीकडची वेळ मावत नाही, म्हणून तिथे 'कायमचे' म्हणजे तेवढेच. मोदकांचे ते बॅनर कोणी हात लावला नाही, तर कागदोपत्री त्या दिवशी भारतीय वेळेनुसार सकाळी पावणेनऊच्या सुमारास उतरेल.

गूगलने २००७ पासून एक सोय ठेवलेली आहे: अमुक तारखेनंतर हे पान शोधात दाखवू नका, असे पानातच लिहून ठेवता येते. भरतीच्या जाहिरातींनाही मुदत सांगता येते. आपल्याकडे हे वापरणारे फार थोडे, आणि त्यामुळे नोकरी शोधणाऱ्या मुलांना दोन वर्षांपूर्वीच्या पदांसाठीचे अर्ज सापडत राहतात. जुनी सूचना न उतरवल्याने बिघडते ते दुसऱ्याचे, असे वर म्हटले, तो दुसरा हा. बसचे पैसे खर्चून तालुक्याला येतो, आणि खिडकीवर त्याला सांगतात, ते कधीच बंद झाले.

हे सुधारायला नवे तंत्रज्ञान लागत नाही. बॅनर मागणाऱ्याकडूनच उतरवायची तारीख लेखी घ्यावी, आणि ती मिळेपर्यंत बॅनर लावू नये. कोथरूडच्या ताईंनी आता तेच सुरू केले आहे: व्हॉट्सअ‍ॅपवर 'पर्यंत' आल्याशिवाय काम घेत नाहीत. काका आधी कुरकुरले, मग वळणावर आले. साइटचे घड्याळ 'आशिया/कोलकाता'वर आहे ना, हे एकदा पाहून घ्यावे. सणांच्या तारखा दर वर्षी गुढीपाडव्याला नवे पंचांग समोर ठेवून हाताने भराव्यात. आणि गुपित असेल ते वेळेआधी सर्व्हरवर नेऊ नये.

तुमच्या शाळेची, मंडळाची, सोसायटीची, दुकानाची साइट असेल, तर दिवाळीच्या सुट्टीत ती सांभाळणाऱ्याला एकच गोष्ट मागा: शेवटची तारीख नसलेल्या सगळ्या सूचनांची आणि बॅनरची यादी. यादी लांब निघेल. प्रत्येकीसमोर तारीख आणि ती उतरवणाऱ्या माणसाचे नाव लिहा. नाव लिहायला कोणीच पुढे आले नाही, तर ती सूचना तिथल्या तिथे काढून टाका.